काशीतलं घर आणि बाहेरचं ताट

२००४ सालच्या जुलैमध्ये मी पहिल्यांदा वाराणसीला गेले, ती नोकरीसाठी. तौलनिक साहित्यात एम.ए. झालं होतं, हाताला काम नव्हतं, आणि परदेशी विद्यार्थ्यांना वर्षभर हिंदी शिकवणाऱ्या एका कार्यक्रमाला भाषासाहाय्यक हवी होती. विद्यार्थी अमेरिकेतले, विशीच्या आतबाहेरचे. बहुतेक जण अस्सीच्या बाजूला राहायचे. एका मुलीची सोय मात्र पार दुसऱ्या टोकाला, दुर्गाघाटामागच्या गल्लीत, एका मराठी घरात झाली होती. मराठी येते म्हणून ती मुलगी माझ्याकडे आली.

पहिलं काम कागदाचं. परदेशी माणूस घरात राहायला आला की तेव्हा चोवीस तासांत ‘सी फॉर्म’ भरून द्यावा लागे. तो घेऊन मी त्या घरी गेले. घरात आजी, काका, काकू आणि दोन मुलगे. चौकात नळ, वर माकडांसाठी लोखंडी जाळी, बाहेरच्या जिन्याखाली कोनाडा. कार्यक्रमाच्या पत्रकात या कुटुंबांसाठी जो इंग्रजी शब्द होता तो काकांना मराठीत सांगताना मी ‘यजमान कुटुंब’ म्हणाले. काका हसले. “यजमान आम्ही कसे? यजमान ती.”

मला त्यांचं म्हणणं कळायला दोन दिवस लागले. त्यांचे वडील तीर्थोपाध्ये होते. महाराष्ट्रातल्या ठरावीक गावांचे यात्रेकरू ठरावीक उपाध्यायांच्या घरी उतरायचे, वहीत आपल्या घराण्याची नावं शोधायचे, खाली स्वतःचं नाव लिहायचे, श्राद्ध करायचे, दक्षिणा द्यायचे. जो खर्च करून धर्मकृत्य करवून घेतो तो यजमान. ज्याच्या घरात तो झोपतो तो उपाध्याय. पुण्यात पाहुण्याला जेवू घालणारा यजमान असतो, आणि काही घरांत तर बायकोचा नवराही. काशीत तो शब्द उलट्या दिशेने चालतो: येणारा यजमान, राहणारा त्याच्यावर पोसलेला. मुलीच्या राहण्याजेवण्याचे पैसे दरमहा कार्यक्रमाकडून घरात येत होते, तेव्हा काकांचा हिशेब चूक नव्हता. आमच्याकडे तीनशे वर्षं हेच चाललंय, असं ते म्हणाले. तीनशेचा आकडा मी तपासलेला नाही, पण ‘हेच’ तपासण्यासारखं होतं. पुढे बरीच वर्षं मी ते अधूनमधून करत आले.

सतराव्या शतकाच्या सातव्या दशकात फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य बनारसला येऊन गेला. १६६७च्या एका पत्रात त्याने या शहराचं वर्णन विद्यापीठ म्हणून केलं आहे, पण विद्यालय नसलेलं विद्यापीठ. गुरू गावभर विखुरलेले, कुणी आपल्या घरात, कुणी सावकारांनी वापरायला दिलेल्या उपनगरातल्या बागांत. कुणापाशी चार शिष्य, कुणापाशी सहा-सात, फार नावाजलेल्यापाशी बारा-पंधरा. शिष्य दहा-दहा, बारा-बारा वर्षं राहतात, आणि त्यांची खिचडी धनिकांच्या पैशावर शिजते. बर्निए ज्या प्रमुख पंडिताला भेटला तो कवींद्राचार्य सरस्वती असावा असं अभ्यासक मानतात. तोही मूळचा गोदातीरचा. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर शाहजहानकडून माफ करवून घेण्याचं श्रेय त्याला देतात.

त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, पैठणहून रामेश्वरभट्ट काशीला येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट धर्मशास्त्रातलं मोठं नाव. त्याच घराण्यातले गागाभट्ट आपल्याला १६७४च्या राज्याभिषेकामुळे माहीत असतात. एकनाथांनी भागवतावरची आपली टीका १५७३ साली पुरी केली ती काशीतच. महाभारताचा टीकाकार नीलकंठ चतुर्धर कोपरगावकडचा, पण त्याचं काम काशीत झालं. म्हणजे मराठी मुलुखातून काशीला शिकायला जाणं ही काही अपूर्वाई नव्हती. अपूर्वाई नव्हती म्हणूनच तिची व्यवस्था होती: घर, गुरू आणि अन्नछत्र. अठराव्या शतकात मराठे सरदारांनी घाट, वाडे, देवळं बांधली आणि छत्रांना नेमणुका दिल्या, तेव्हा ती व्यवस्था आणखी भक्कम झाली.

पण छत्रात कोण जेवणार? विद्या घ्यायला येणाऱ्याची परीक्षा गुरूसमोर होण्याआधी पंगतीत व्हायची. आणि पंगतीचे निकाल देणाऱ्यांत काशीतली हीच दक्षिणी घराणी होती. कोणती जात कोणत्या कर्माला अधिकारी, कुणाशी अन्नव्यवहार चालतो, असे तंटे घेऊन लोक थेट कोकणातून त्यांच्याकडे जात. गागाभट्टांनी १६६४ साली राजापूरला शेणव्यांच्या, म्हणजे सारस्वतांच्या, अधिकाराविषयी निर्णय दिला तो त्यांच्या बाजूने. निर्णय झाला म्हणून तंटा मिटला असं मात्र झालं नाही. मासे खाणारे हे ब्राह्मण कसे, हा प्रश्न पुढे अडीचशे वर्षं विचारला जात राहिला.

त्या वर्षी माझ्या पिशवीत धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ होतं, हा योगायोग. कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे, जन्म १८७६चा, गौड सारस्वत. बुद्धाविषयी वाचून वेडावलेला हा माणूस बायको आणि लहान मुलीला मागे ठेवून घराबाहेर पडला, पुण्यात थांबला, आणि १९०० साली संस्कृत शिकायला काशीत पोचला. इथे गंगाधरशास्त्री तेलंगांच्या परंपरेत तो शिकला, छत्राच्या अन्नावर राहिला. १९०२ मध्ये तो नेपाळकडे निघाला, तिथून निराश होऊन गयेला, आणि अखेर सिलोनला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पाली शिकताना तो भिक्खू झाला. भिक्खूचं अन्न पात्रात पडेल ते. काशीतल्या पंगतीनंतर हे पात्र त्याला कसं वाटलं असेल, असं मी दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर बसून स्वतःला विचारायची. तेवीस वर्षांच्या मुलीला असले प्रश्न पडतात. आता मला वाटतं की शिकायला निघालेल्या माणसाला भूक आधी लागते, पात्राचा विचार नंतर.

आता ताटाकडे येते, कारण या सगळ्या वाचनाच्या मुळाशी ते आहे.

सप्टेंबरात एका संध्याकाळी त्या मुलीने मला विचारलं, “माझ्याच ताटाखाली लाल ठिपका का आहे?” स्टीलचं साधं ताट, मागे नेलपॉलिशचा ठिपका. ते घरात इतर भांड्यांबरोबर नसायचं. जिन्याखालच्या कोनाड्यात असायचं. ती चौकातल्या नळावर ते धुवायची आणि तिथेच ठेवायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून जेवायची, काकू आतून वाढायच्या. तिला हिंदी तेव्हा जेमतेम येत होतं. आजी समोरच होत्या, म्हणून मी त्यांना विचारलं. आजी म्हणाल्या, “आतल्या भांड्यांत मिसळायचं नाही ते. मी आहे तोवर नाही. पोरगी गुणी आहे, पण आहे ते आहे.”

आवाजात राग नव्हता. आजींनी त्याच दिवशी तिच्या तापासाठी तुळशीचा काढा केला होता. मी त्या मुलीकडे वळून म्हणाले, “आजी म्हणतात, ते तुझं हक्काचं ताट. दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून खूण केली.”

भाषांतरात काही गळतं, काही वाढतं, हे आम्ही वर्गात शिकलो होतो. हे त्यातलं नव्हतं. ही थाप होती. कुणासाठी मारली ते मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं: मुलीचं मन राखायला, आजींची लाज राखायला, की आपल्या माणसांचं हे चित्र परक्या भाषेत जाऊ नये म्हणून. तिसऱ्या कारणाचा मला जास्त संशय आहे.

मुलगी खूश झाली. मैत्रिणींना ते ताट दाखवू लागली. या विद्यार्थ्यांना वर्षाअखेर एका विषयावर स्वतः हिंडून केलेला प्रकल्प द्यावा लागे. ही पद्धत बनारसला जुनी. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा भारतातला वर्षभराचा अभ्यासक्रम १९६१ मध्ये सुरू झाला आणि चार वर्षांनी त्याच वाटेने मोन्टानातून आलेली विशीतली डायना एक पुढे बनारसवरच्या एका महत्त्वाच्या ग्रंथाची लेखिका झाली. आमच्या मुलीने विषय घेतला घरगुती आतिथ्याचा. त्यात पाहुण्यासाठी राखून ठेवलेल्या ताटावर एक अख्खं पान होतं, तळटीपेत माझ्या नावासह. मी ते पान वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली, आणि परत दिलं.

त्याच सुमारास तिने सहज विचारलं, की तुमच्याकडचे लोक पहिल्यांदा आमच्याकडे शिकायला आले तेव्हा कुठे राहिले, काय जेवले? मी तिला आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. १८८३ साली अठरा वर्षांची आनंदी एकटी अमेरिकेला पोचली आणि न्यू जर्सीतल्या रोझेल इथे थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी उतरली. ओळख फक्त पत्रांतून झालेली. बाईंना ती मावशी मानत असे. लुगडं सोडलं नाही, मांसाहार केला नाही, आणि त्या घराने ते चालवून घेतलं. फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून १८८६ मध्ये डॉक्टर होऊन ती परतली, ती क्षय घेऊनच. १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात वारली. तिच्या अस्थी गोपाळरावांनी मावशीकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला, कार्पेंटरांच्या घराण्याच्या दफनभूमीत, त्यांच्या माणसांमध्ये तिचा दगड आहे.

मुलगी ऐकत होती. मी मात्र मध्येच थांबले. काळं पाणी ओलांडलेल्या आनंदीला परत आल्यावर घरच्या पंगतीत घेतील का, ही धास्ती तिच्या माणसांना होती, हे सांगायला गेले असते तर कोनाड्यापर्यंत यावं लागलं असतं.

कार्पेंटरबाईंना देवदूत करण्याचा माझा इरादा नाही. त्यांचं घर ख्रिस्ती होतं, आणि हुशार हिंदू मुलीने अखेर आपला धर्म घ्यावा असं त्या काळच्या अमेरिकेत पुष्कळांना वाटे. प्रत्येक घराचा एक उंबरा असतो. कुणाचा चुलीपाशी, कुणाचा प्रार्थनेपाशी. कोसंबींनाही तो उंबरा बरेच ठिकाणी भेटला असणार. १९१० मध्ये ते हार्वर्डला गेले, ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. छत्रात जेवलेला हा माणूस आता पगारी पंडित होता. पुढे त्यांचा मुलगा दामोदर केंब्रिजच्या शाळांत शिकला आणि १९२९ साली हार्वर्डमधून पदवीधर झाला. ग्रंथ छापून यायला १९५० उजाडलं. तोवर धर्मानंद जाऊन तीन वर्षं झाली होती.

मी वाराणसी सोडली ती २००५च्या मेमध्ये. नंतर तिथल्या घरांत विद्यार्थी ठेवण्याची पद्धत वाढली. प्रिन्स्टन विद्यापीठाने २००९ पासून पदवीआधीच्या मुलांना नऊ महिन्यांसाठी तिथे पाठवलं, तेही कुटुंबांत राहायचे. आजी गेल्याचं मला कुणाकडून तरी कळलं. मी भाषांतरं करत राहिले. वाक्य अडलं की ते ताट आठवायचं, आणि वाक्य अडलं नाही तर जास्त आठवायचं.

२०१९ मध्ये त्या मुलीचं, म्हणजे आता चाळिशीकडे झुकलेल्या बाईंचं, पत्र आलं. त्या शिकवतात. जुना प्रकल्प पुन्हा लिहायला घेतला आहे, आजींचं मूळ मराठी वाक्य हवं आहे, आठवत असेल तर. आठवत होतंच. मी चार दिवस घेतले आणि मग ते वाक्य जसंच्या तसं देवनागरीत लिहिलं, खाली खरं भाषांतर दिलं, आणि मी त्या दिवशी काय केलं तेही लिहिलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. नोव्हेंबरातच कळलं होतं, त्यांनी लिहिलं. गच्चीवर पापड वाळत घालताना काकूंनी हिंदीत सांगितलं होतं. प्रकल्पात ते पान तरीही ठेवलं, कारण खरं लिहिलं असतं तर ते काकूंकडून कळलं हे घरात लपलं नसतं.

काकूंनी आणखीही एक सांगितलं होतं. ते ताट नवीन नव्हतं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून महिन्यातले चार दिवस त्या त्याच ताटात, त्याच उंबऱ्याशी जेवत होत्या. लाल ठिपका त्यांनीच लावला होता, स्वतःच्या बाटलीतल्या नेलपॉलिशचा. मुलगी येणार म्हटल्यावर आजींनी ते तिला द्यायला सांगितलं, आणि काकूंसाठी बाजारातून दुसरं आणलं.