क्लच, फ्लायव्हील आणि प्रीमियर पद्मिनी : दुरुस्तीच्या श्रमाचा अलिखित इतिहास

प्रस्तावना

भारतातील मोटार उद्योगाचा इतिहास सामान्यतः कारखाना, परवाना आणि उत्पादनाचे आकडे या तीन आधारांवर लिहिला जातो. मोटार कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली की इतिहासकाराची लेखणी थांबते. वास्तविक पाहता मोटारीच्या आयुष्याचा फार मोठा भाग त्यानंतरच सुरू होतो आणि तो गॅरेजमध्ये घडतो. प्रस्तुत निबंधात 'प्रीमियर पद्मिनी' या मोटारीचा क्लच आणि फ्लायव्हील बदलण्याच्या कामाकडे एक ऐतिहासिक साधन म्हणून पाहिले आहे. या मोटारीला लाभलेले दीर्घायुष्य हे मूळ रचनेइतकेच दुरुस्तीच्या श्रमाचे फलित होते. परंतु त्या श्रमाचे मोल ज्यांनी चुकवले, त्यांची दखल इतिहासलेखनाने फारशी घेतली नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन झाली. मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यात आरंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या वाहनांची जुळणी होत असे. त्यानंतर इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने असे धोरण स्वीकारले की, सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच निर्माण करण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच या व्यवसायात राहता यावे. परिणामी केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी भारतातील काम आवरते घेतले. प्रीमियर मात्र टिकून राहिली.

फियाट ११०० या मालिकेतील 'डिलाइट' ही मोटार १९६४ पासून कुर्ल्यात तयार होऊ लागली आणि १९७४ पासून ती 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली गेली. १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा आणि मागच्या चाकांना मिळणारी गती ही तिची वैशिष्ट्ये होत. इटलीत ११०० मालिकेचे उत्पादन १९६९ साली संपले. मुंबईत तीच रचना विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिली. स्पर्धेचा अभाव, मोटारीसाठी करावी लागणारी दीर्घ प्रतीक्षा आणि आयातीवरील निर्बंध यांमुळे जुनी मोटार मोडीत काढून नवी घेणे बहुसंख्य मालकांना शक्य नव्हते. मोटार टिकवणे ही हौस नव्हती, ती गरज होती.

कामाचे स्वरूप

इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधील संबंध जोडणे व तोडणे हे क्लचचे कार्य. चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेऱ्याला एकदा शक्तीचा धक्का मिळतो. हे तुटक धक्के फ्लायव्हील हे जड चाक आपल्या वस्तुमानामुळे सलग गतीत रूपांतरित करते. त्याच्या सपाट पृष्ठभागावर प्रेशर प्लेट क्लच प्लेटला दाबून धरते. शहरातील थांबत-थांबत होणाऱ्या वाहतुकीत ही प्लेट सतत घासली जाते. दिवसपाळी व रातपाळी अशा दोन्ही वेळा रस्त्यावर असलेल्या टॅक्सीत ती खासगी मोटारीपेक्षा लवकर झिजणे स्वाभाविक होते.

क्लच 'घसरू' लागला, म्हणजे इंजिनाचा वेग वाढूनही गाडी ओढेनाशी झाली, की काम हाती घ्यावे लागे. प्रथम प्रॉपेलर शाफ्ट सोडवायचा, नंतर गिअरबॉक्स उतरवायचा. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये हे अवजड काम बहुधा गाडीखाली उताणे पडून, मिस्त्री आणि त्याचा हेल्पर असे दोघे मिळून करीत. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम न सोडता समोरासमोरचे थोडेथोडे सैल करावे लागतात. अन्यथा प्लेट वाकते. नवी क्लच प्लेट बसवताना तिचा मध्य अचूक साधला नाही, तर गिअरबॉक्सचा दांडा तिच्या खाचांत शिरत नाही. त्यासाठी जुन्या गिअरबॉक्समधून काढलेला दांडाच मापासाठी वापरण्याची युक्ती सर्वत्र रूढ होती. याच वेळी रिलीज बेअरिंग तपासले जाई आणि क्रँकशाफ्टच्या मागील बाजूने तेल गळत असल्यास तेही थांबवावे लागे. कारण तेल लागलेली नवी प्लेटही निरुपयोगी ठरते.

फ्लायव्हील : एक मूक दस्तऐवज

क्लच प्लेट झिजण्यासाठीच बनवलेली असते. फ्लायव्हील तसे नसते. म्हणूनच ते इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. प्लेटचे अस्तर संपून रिव्हेट उघडे पडले की त्यांचे चरे फ्लायव्हीलवर उमटतात. अति उष्णतेने त्यावर निळसर डाग पडतात आणि बारीक तडे जातात. चालकाने गाडी किती ताणली, मालकाने दुरुस्ती किती लांबणीवर टाकली, याची ही नोंद कोणत्याही कागदाशिवाय राहते.

नवे फ्लायव्हील महाग पडत असल्याने ते लेथवर घासून पुन्हा सपाट करण्याची पद्धत होती. प्रत्येक वेळी धातूचा पातळ थर जाई. त्याबरोबर चाकाचे वजन आणि उष्णता सोसण्याची क्षमताही किंचित घटे. कडेच्या दातेरी कड्याची कथा याहून उद्बोधक आहे. चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक स्थितींतच थांबते, त्यामुळे स्टार्टरचे छोटे चाक पुन्हापुन्हा त्याच दात्यांवर आदळते आणि तेवढेच दाते झिजतात. अशा वेळी कडे तापवून काढायचे, पाव फेरा फिरवून पुन्हा तापवूनच बसवायचे आणि न झिजलेले दाते कामाला लावायचे, हा उपाय कारागीर योजीत. त्याचप्रमाणे क्लच प्लेटचे जुने अस्तर काढून नवे रिव्हेटने ठोकून बसवले जाई. कुर्ल्यातील सीएसटी रस्त्यावरील जुन्या सुट्या भागांचा बाजार याच गरजेवर पोसला गेला. पुनर्वापराचे हे शास्त्र पुस्तकांतून नव्हे, तर उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात गेले.

श्रमाची न नोंदलेली किंमत

या कौशल्याचा गौरव करताना त्याची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. विसाव्या शतकात क्लच व ब्रेकच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर सर्रास होत असे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचा समावेश मानवी कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केला आहे. घर्षणाच्या उष्णतेने अस्तरातील बराचसा अ‍ॅस्बेस्टॉस बदलून जातो हे खरे. तथापि काही तंतू धुळीत उरतात, आणि नवे अस्तर घासताना वा त्याला भोके पाडताना ते थेट हवेत मिसळतात. गिअरबॉक्स उतरवल्यावर आतील काळी धूळ ब्रशने झटकणे किंवा हवेच्या झोताने उडवणे ही गॅरेजमधील नित्याची रीत होती.

१९९५ साली 'कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ अन्वये मूलभूत हक्क मानला. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाच्या आरंभापासून किमान ४० वर्षे, अथवा काम सोडल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत ठेवावी, असाही आदेश दिला. हा निर्णय निःसंशय महत्त्वाचा आहे. परंतु ज्या गॅरेजमध्ये हजेरीपटच नव्हता, तेथे आरोग्याची नोंद कोण ठेवणार होते? अ‍ॅस्बेस्टॉसजन्य विकार प्रकट होण्यास अनेक दशके लागतात. तोवर हेल्पर म्हणून आलेला मुलगा दहा ठिकाणी काम करून वयस्क झालेला असतो. त्याचा आजार आणि त्याने झटकलेली धूळ यांतील संबंध सिद्ध करणारा कागद अस्तित्वातच नसतो.

निष्कर्ष

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली, १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली आणि पद्मिनीची मागणी ओसरली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आता ही मोटार हौशी संग्राहकांकडे 'क्लासिक' म्हणून जपली जाते. मोटार संग्रहात टिकेल. तिला चालती ठेवणारी विद्या मात्र ती जाणणाऱ्या हातांबरोबर संपण्याचा धोका आहे.

संरक्षित अर्थव्यवस्थेने ग्राहकाला निवड नाकारली, हे विधान अभ्यासकांना परिचित आहे. त्या नाकारलेल्या निवडीचा भार गाडीखाली उताणे पडलेल्या कारागिराने उचलला, हे विधान त्याच्या शेजारी मांडले गेले पाहिजे. त्यासाठी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी वयस्क मिस्त्रींच्या मौखिक मुलाखती, त्यांची हत्यारे, कामाच्या वह्या आणि आजारपणाच्या आठवणी यांचे पद्धतशीर संकलन हाती घेणे अगत्याचे आहे. दस्तऐवज नाहीत म्हणून इतिहास नाही, ही सबब येथे पुरेशी ठरत नाही. कारण ज्यांच्याकडून तो दस्तऐवज तयार होऊ शकतो, त्यांतील अनेक जण आज हयात आहेत.