पात्याखालची जागा

शंकरपाळ्या कातणाने कापून झाल्या की पोळपाट धुताना त्याच्याकडे जरा नीट बघा. बारीक रेघा दिसतील, आडव्या-तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या. कापलं पीठ, वळ उठले लाकडावर. आजचा विषय तोच: कापणाऱ्या पात्याखाली जे असतं, त्याचा इतिहास. मला त्याच्यात गोडी लागली ती गोधडीमुळे. आमच्या घरी बायको शिवते आणि कापायचं काम माझ्याकडे आहे.

आपली जुनी अवजारं बघितली तर या प्रश्नाला त्यांनी चक्क बगल दिलेली दिसते. विळीचं पातं जागेवर राहतं, भाजी हलते. खाली फळी लागतच नाही. कात्रीत आणि अडकित्त्यात दोन जबडे एकमेकांवर येतात. गोधडीचं कापड तर बऱ्याचदा कापलंच जात नसे. कडेला बारीक चीर द्यायची आणि टर्रकन फाडायचं. सुती कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं, पट्टीने आखलं तरी इतकं सरळ येणार नाही. जो तुकडा मिळेल तो, जसा असेल तसा बसवायचा आणि वरून धावदोरा. गाडगेबाबांना (1876–1956) लोक गोधडेबुवा आणि चिंधेबुवाही म्हणत, त्यातल्या चिंध्या कुणी मापून कापलेल्या नव्हत्या.

खाली टणक काहीतरी लागायचं ते चामड्याच्या कामात. आपल्याकडे रापीखाली दगड किंवा लाकूड असे. इथे प्रिन्स्टन जंक्शनहून गाडीने तासाभराच्या आत येणारं न्यूअर्क एकोणिसाव्या शतकात चामड्याचं मोठं केंद्र होतं. सेथ बॉयडन यांनी 1818-19 च्या सुमारास तिथे चकचकीत पेटंट लेदर बनवायला सुरुवात केली. त्या शतकात जोड्यांच्या धंद्यात साच्याने कापणं आलं: तळव्याच्या आकाराची पोलादी धार चामड्यावर ठेवायची आणि वरून मोगरीचा घाव. खालचा ठोकळा असा लावत की लाकडाचे तंतू उभे राहावेत, म्हणजे धार तंतूंच्या मधे शिरते आणि फट पुन्हा मिटते. तरी ठोकळ्याला खड्डे पडतच. मग रंधा मारून तो सपाट करायचा. मॅटची निगा म्हणून आज जे सांगतात, त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे.

कापड मात्र मागे राहिलं. सिंगरचा प्रचंड कारखाना न्यू जर्सीतल्याच एलिझाबेथमध्ये 1873 मध्ये उभा राहिला आणि शिवण झपाट्याने होऊ लागली, पण घरी कापायला तीच कात्री. अमेरिकन क्विल्टला शेकडो एकसारखे तुकडे लागतात. एका तुकड्यात एक सोळांश इंचाची चूक म्हटली तर काहीच नाही, पण ओळीत वीस तुकडे असले की सव्वा इंच. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, 1976 मध्ये देशाची द्विशताब्दी आली, आणि आजीची ही कला नातींनी पुन्हा हातात घेतली. मग कात्रीने बोटं दुखू लागली.

उत्तर आलं ओसाकाहून. योशिओ ओकादा यांनी 1956 मध्ये चॉकलेटच्या वडीसारखं टोक मोडत जाणारं पातं तयार केलं होतं. त्यातून ओल्फा कंपनी झाली आणि 1979 मध्ये तिने रोटरी कटर आणला. म्हणजे आपलं कातणच, फक्त धारदार. पाठोपाठ खाली ठेवायची मॅट आली. ती मऊसर असल्यामुळे चीर बऱ्यापैकी मिटते. त्याच दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियाची एलिसन कंपनी शाळांसाठी कागदाची अक्षरं कापणारं यंत्र विकू लागली होती. नेब्रास्कातल्या ओमाहाच्या अक्युक्विल्टने 2009 मध्ये घरच्या टेबलावर मावेल असं, हाताने फिरवायचं कापडाचं यंत्र आणलं. न्यूअर्कच्या मोगरीऐवजी रूळ, एवढाच फरक.

या यंत्रात डाय खाली असते, तिच्या फोममध्ये पोलादी धारा लपलेल्या. वर कापडाचे थर, त्यावर कडक प्लास्टिकची मॅट. रुळाखालून जाताना फोम दबतो, धार कापडातून वर येऊन मॅटला टेकते आणि तेव्हाच शेवटचा धागा तुटतो. ही मॅट रोटरीच्या मॅटसारखी मिटत नाही, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालत नाही. एकच डाय एकाच बाजूने घातली तर त्याच जागी खाच पडते, कापड खाचेत दबतं आणि कोपऱ्यात दोन-चार धागे तसेच राहतात. म्हणून दर फेरीला मॅट उलटायची, पुढच्या वेळी टोकाकडून फिरवायची. वाकली असेल तर फुगीर बाजू दुसरीकडे करून घालायची. खाचांत अडकलेली सुतं चिकटपट्टीने काढायची. डाय लहान तर मॅटही लहान. कापडाचे थर सहाच्या वर नेऊ नयेत. जुलैत मॅट गाडीत ठेवू नका. वेस्ट विंडसरमधून रेडिओवर बोलताना जपून बोलावं लागतं, कारण 1938 मध्ये मंगळावरचे लोक आपल्याच ग्रोव्हर्स मिलला उतरल्याचं याच माध्यमाने लोकांना पटवलं होतं. पण गाडीतल्या उन्हाचं मी सांगतोय ते खरं आहे.

एमबीएच्या वर्गात घसारा शिकलो होतो. यंत्र दहा वर्षं टिकतं, डायही टिकते, झीज सगळी मॅटच्या वाट्याला येते. नवी मॅट घ्यायला मात्र माणूस टाळाटाळ करतो, कारण जुनी ‘अजून चालते’. नव्या सुताला चालतेही. धागा राहिला तर कात्री लावता येते. आमच्या समोर होती आजीची दोन इरकली लुगडी. आजी गेली, तशी लुगडी पुन्हा मिळणार नाहीत. मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार, तिच्यासाठी गोधडी करायची. जुन्या पंचावर आधी करून बघितलं: घासलेल्या मॅटवर कोपऱ्यात तीन धागे राहिले, हलकेच ओढले तर विरलेलं कापड बोटभर उसवलं. त्याच दिवशी नवी मॅट मागवली.

कापडाला तांदळाची खळ दिली आणि उभा धागा रुळाच्या दिशेने ठेवला, म्हणजे ते ताणलं जात नाही. पातळ असूनही चारच थर घेतले. विरलेला भाग सोडून पाच इंची 180 चौकोन निघाले, बारा गुणिले पंधरा. काठ डायवर घातले नाहीत. ते अखंड ठेवलेत, गोधडीच्या चारी बाजूंना गोट म्हणून लावायला.