पराक्रम आणि परिहास



सायंकाळची वेळ आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक कार्टून चाललें आहे. सहा वर्षांचा नातू जमिनीवर मांडी घालून बसला आहे, आणि मागें आरामखुर्चींत आजोबा वर्तमानपत्र उघडून बसले आहेत. पडद्यावरील धिप्पाड वीर मोठ्या आवेशानें झेप घेतो आणि चौकटीवर डोकें आपटून खालीं पडतो. नातू खदखदां हंसतो. त्याच क्षणीं वर्तमानपत्राआडूनहि हंसणें ऐकूं येतें. आजोबांचें वाचन केव्हांच थांबलेलें असतें!

दोघे एकाच वेळीं हंसले हें खरें. पण दोघे एकाच गोष्टीला हंसले काय? अतिमानुष सामर्थ्याच्या वीराला विनोदाच्या हातीं देऊन रेखाचित्रांतून नाचविण्याची ही कला लहानांना आणि थोरांना सारखीच कां मोहविते, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु या कलेचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, सामर्थ्याविषयीं माणसाला वाटणारी ओढ आणि सामर्थ्याविषयीं त्याला वाटणारी भीति या दोहोंचा हा इतिहास आहे.

या वीराची कुळकथा १९३८ सालीं सुरू होते. अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरांत जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोन तरुण मित्र रहात असत. एक लिहिणारा, दुसरा चित्रें काढणारा. दोघेहि परदेशांतून आलेल्या ज्यू कुटुंबांतले आणि दोघेहि परिस्थितीनें बेताचे. त्यांनीं कल्पिलेला ‘सुपरमॅन’ जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकांत अवतरला. त्याचे सारे हक्क त्यांनीं अवघ्या १३० डॉलरांना विकून टाकले होते. जगाला वांचविणाऱ्या वीराला आपल्या जन्मदात्यांना मात्र वांचवितां आलें नाहीं. पुढें अनेक वर्षें त्यांना हक्कांसाठीं झगडावें लागलें, आणि १९७५ सालच्या अखेरीस कोठें त्यांच्या म्हातारपणाची कांहीं तजवीज झाली.

या दोन तरुणांच्या कल्पनेंत एक मोठी मार्मिक गोष्ट होती. सुपरमॅन हा नेहमींच सुपरमॅन नसतो. एरवीं तो क्लार्क केंट नांवाचा बातमीदार असतो: चष्मा लावणारा, संकोची, कचेरींतल्या लोइस लेन या सहकारी तरुणीकडून भित्रा ठरविला गेलेला. वीराच्या अंगरख्याखालीं भिडस्त माणूस आणि भिडस्त माणसाच्या सदऱ्याखालीं वीर, ही जोडीच मुळांत हास्याला आमंत्रण देणारी आहे. मला तर असें वाटतें कीं, मूल पाहतें तें त्या वीराचें उडतें वस्त्र, आणि प्रौढ माणूस पाहतो तो त्याचा चष्मा. मुलाला आपण उद्यां कोण होऊं तें तेथें दिसतें. प्रौढाला आपण आज कोण आहोंत तें दिसतें.

फेब्रुवारी १९४० मध्यें हा वीर नभोवाणीवर आला. तेथें ना रंग, ना उड्डाण! मग श्रोत्यांनीं त्याला ओळखावें कसें? बड कॉलियर या नटानें तो प्रश्न केवळ गळ्यानें सोडविला. केंट बोलत असतां आवाज वरच्या पट्टींतला, आणि वेष बदलण्याच्या क्षणीं वाक्य पुरें होण्यापूर्वींच तोच आवाज खर्जांत उतरे. नभोवाणीच्या इतिहासांत ध्वनीनें केलेलें इतकें सुबक वेषांतर क्वचितच सांपडेल.

पुढच्याच वर्षीं, सप्टेंबर १९४१ मध्यें, मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या बंधूंनीं सुपरमॅनचा पहिला व्यंगचित्रपट काढला. त्यावर सुमारें ५०,००० डॉलर खर्च झाले. नेहमींच्या लघुचित्रपटाच्या मानानें ही रक्कम कित्येक पटींनीं मोठी होती. कॉलियरचाच आवाज येथेंहि होता. छायाप्रकाशाचा खेळ, प्रचंड यंत्रें, कोसळणारे पूल, सारें कांहीं भव्य होतें. पण या चित्रपटांत हंसूं जवळजवळ नव्हतेंच. आश्चर्य हें कीं, याच फ्लायशर बंधूंनीं १९३३ पासून ‘पॉपाय’ या खलाशाचे विनोदी चित्रपट काढून पालकाच्या भाजीला अजरामर केलें होतें! पॉपायला पाहून हंसणारा प्रेक्षक सुपरमॅनला पाहून थक्क होई. पण थक्क होण्याची क्रिया फार काळ टिकत नाहीं. चौथ्यांदां पूल कोसळला म्हणजे प्रेक्षकाला जांभई येते.

आपल्या साहित्यशास्त्रानें या ठिकाणीं मोठें साहाय्य होतें. भरतमुनींनीं वीरापासून अद्भुताची आणि शृंगारापासून हास्याची उत्पत्ति सांगितली आहे. परंतु त्यावर टीका लिहितांना अभिनवगुप्तांनीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. केवळ शृंगाराचाच नव्हे, तर कोणत्याहि रसाचा आभास, म्हणजे तो अनुचित ठिकाणीं प्रकट झाल्यानें होणारा भास, हास्याला जन्म देतो, असें त्यांचें प्रतिपादन आहे. वीररस अयोग्य पात्रांत ओतला म्हणजे हास्य निपजतें. अमेरिकेंतील चित्रकारांनीं अभिनवगुप्त वाचला नव्हता. पण त्यांनीं नेमकें हेंच केलें. त्यांनीं तो रस एका उंदरांत ओतला.

ती हकीकत अशी. १९४२ सालीं पॉल टेरी यांच्या चित्रशाळेंत इसिडोर क्लाइन या चित्रकारानें सुपरमॅनच्या थाटाची एक माशी सुचविली. टेरींनीं माशीचा उंदीर केला. या पहिल्या चित्रपटांत मांजरांनीं गांजलेला एक उंदीर मोठ्या किराणा-भांडारांत, म्हणजे अमेरिकन लोक ज्याला ‘सुपरमार्केट’ म्हणतात त्यांत शिरतो. तेथें प्रत्येक वस्तूच्या नांवामागें ‘सुपर’ हें विशेषण लावलेलें. तो सुपर-साबणानें न्हातो, सुपर-सूप पितो, सुपर-चीज खातो, आणि सुपर-उंदीर होऊन बाहेर पडतो! मूल हंसतें तें उंदरानें मांजरांना झोडपलें म्हणून. आई हंसते ती अशासाठीं, कीं आदल्याच दिवशीं तिनें असल्याच जाहिरातीला भुलून तोच साबण घरीं आणलेला असतो. एकाच प्रसंगाचे हे दोन अर्थ एकमेकांच्या आड येत नाहींत. पुढें १९४४ पासून हा उंदीर ‘मायटी माउस’ या नांवानें प्रसिद्धीस आला.

परंतु तो काळ महायुद्धाचा होता, आणि युद्धांत विनोदाची सत्त्वपरीक्षा होते. १९४३ सालीं चक जोन्स यांनीं ‘सुपर-रॅबिट’ हा चित्रपट काढला. त्यांत बग्ज बनी हा खट्याळ ससा एका शास्त्रज्ञानें सिद्ध केलेलीं गाजरें खाऊन महाबलाढ्य होतो. शेवटीं तीं गाजरें त्याचे शत्रूच खाऊन टाकतात. आतां खऱ्या वीराची गरज आहे असें म्हणून ससा टेलिफोनच्या खोलींत शिरतो आणि बाहेर येतो तो अमेरिकन आरमारी सैनिकाच्या गणवेषांत. मग संचलन करीत बर्लिन-टोकियोच्या रोखानें निघून जातो. सहा-सात मिनिटें सामर्थ्याची थट्टा करणारा विनोद अखेरच्या क्षणीं सामर्थ्यालाच सलाम करतो. एका परीनें हा नम्रपणा होता. खरें शौर्य चित्रांतल्या सशाचें नसून रणांगणावरच्या माणसाचें आहे अशी ती कबुली होती. पण त्याच सुमाराची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. १९४२ सालच्या ‘जॅपोटर्स’ या सुपरमॅन-चित्रपटांत जपानी माणसांचें जें विद्रूप चित्रण केलें आहे, तें आज पाहवत नाहीं. तेथें वीर स्वतःवर हंसत नाहीं; परक्याला मात्र हास्यास्पद करतो. सामर्थ्यानें स्वतःला हंसणें आणि सामर्थ्यानें दुबळ्याला किंवा परक्याला हंसणें, या दोन गोष्टींतलें अंतर कोणत्याहि पालकानें आपल्या मुलाला समजावून द्यावें इतक्या महत्त्वाचें आहे.

युद्धानंतर दूरचित्रवाणीनें घराघरांत प्रवेश केला. १९६४ सालीं ‘अंडरडॉग’ हा यमकांत बोलणारा कुत्रा आला. एरवीं तो बूट पुसण्याचें काम करणारा गरीब प्राणी. पण संकट आलें कीं वीरवेषांत धांवून जाई, आणि लोकांना वांचवितांना आसपासच्या वस्तूंचा चुराडा करी. १२ जानेवारी १९६६ रोजीं ‘बॅटमॅन’ ही मालिका सुरू झाली. तींतलीं पात्रें हाडामांसाचे नट करीत, तथापि ठोशांचे आवाज चित्रमय अक्षरांनीं पडद्यावर उमटत. ॲडम वेस्ट हा नट अत्यंत हास्यास्पद वाक्यें विलक्षण गंभीर मुद्रेनें उच्चारी. मुलें जीव मुठींत धरून पहात, आणि थोर माणसें पोट धरून हंसत. ‘एक खेळ, दोन प्रेक्षक’ ही युक्ति या मालिकेनें पक्की केली. १९९८ सालीं क्रेग मॅक्रॅकन यांच्या ‘पॉवरपफ गर्ल्स’ मध्यें तर नगराचें रक्षण बालवर्गांत जाणाऱ्या तीन चिमुरड्या करूं लागल्या, आणि नगराध्यक्ष मात्र संकट येतांच त्यांना टेलिफोन करण्यापलीकडे कांहींहि करीना. मुलींना त्यांत स्वतःचा विजय दिसला. त्यांच्या वडिलांना नगराध्यक्ष ओळखीचा वाटला.

या सर्व धारांचा संगम ५ नोव्हेंबर २००४ रोजीं प्रदर्शित झालेल्या ‘दि इन्क्रेडिबल्स’ या चित्रपटांत झाला. ब्रॅड बर्ड यांनीं तो लिहून दिग्दर्शित केला आणि त्याला दोन ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. त्याचा आरंभच मोठा विलक्षण आहे. आत्महत्या करूं पाहणाऱ्या एका माणसाला वीर वांचवितो, आणि तो माणूस वीरावरच फिर्याद करतो! खटले वाढतात, सरकार थकतें, आणि वीरांना आपलें सामर्थ्य लपवून सामान्य नागरिक म्हणून रहावें लागतें. पंधरा वर्षांनंतर आपल्याला तो महावीर दिसतो तो विमा-कंपनीच्या कचेरींत, त्याच्या देहाला न पुरणाऱ्या लहानशा मेजामागें. एका वृद्ध स्त्रीचा दावा नाकारण्याची त्याला आज्ञा आहे. तो तिला हळूच दावा पार पाडण्याची वाट सांगतो, आणि वरिष्ठांना संशय येऊं नये म्हणून खोटेंच रडायला सांगतो. माझ्या मतें या वीराच्या साऱ्या पराक्रमांत हा सर्वांत मोठा. येथें मूल थोडें चुळबुळतें. पण बाप स्तब्ध होतो. कचेरीच्या नियमांत अडकूनहि आपण कोणाचें तरी भलें करूं शकतों काय, हा प्रश्न त्याचा स्वतःचा असतो.

त्या कुटुंबांतील प्रत्येकाची शक्तीहि पहा. बाप बळकट, आई हवी तिकडे ताणली जाणारी, वयांत येणारी मुलगी अदृश्य होणारी, धाकटा मुलगा वाऱ्यासारखा पळणारा, आणि तान्हें मूल पुढें काय होईल तें कोणालाच ठाऊक नसलेलें. हीं अद्भुत सामर्थ्यें म्हणजे प्रत्येक घरांतल्या माणसांचेच स्वभाव होत. एडना ही ठेंगणी वेष-रचनाकार वीरांना खांद्यावरून लोंबणारें वस्त्र देण्याचें साफ नाकारते. त्या वस्त्रापायीं कोण कोण कसें मेलें याची यादीच ती वाचून दाखविते. आपण हंसतों, आणि शेवटीं खलनायकाचा नाश त्याच वस्त्रानें होतो. ज्याचा डौल त्याच्याच गळ्याभोंवतीं आवळला जातो, त्याची कथा सांगण्यासाठीं याहून सुटसुटीत दृष्टांत कोणता?

या चित्रपटाचें ‘हम हैं लाजवाब’ हें हिंदी रूपांतर आलें, तेव्हां पित्याला शाहरुख खान यांनीं आणि धाकट्या मुलाला त्यांचा मुलगा आर्यन यानें आवाज दिला. पडद्यावरच्या बापलेकांना खऱ्या बापलेकांचा कंठ लाभला. घराघरांतून बाप-मुलें शेजारीं बसून जें पहात होतीं, तेंच ध्वनिमुद्रणाच्या खोलींतहि घडलें म्हणावयाचें!

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. नातू आणि आजोबा एकाच गोष्टीला हंसले काय? मला वाटतें, नाहीं. नातवाला बळाची हांव आहे. वीर पडला तरी पुन्हां उठेल हें त्याला ठाऊक आहे, म्हणून तो निर्धास्तपणें हंसतो. आजोबांनीं बळाचा माज पाहिलेला आहे. ज्यांना हंसण्याची कोणाची छाती नव्हती असे सत्ताधीशहि त्यांनीं पाहिले आहेत. म्हणून चौकटीवर आपटणारा वीर पाहून त्यांना हायसें वाटतें. ज्या सामर्थ्याला हंसतां येतें, त्याच्या शेजारीं माणसाला निर्भयपणें रहातां येतें.

तेव्हां पुढच्या खेपेस मूल असलें कांहीं पहात असलें, तर वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्याच्या शेजारीं बसावें. तें कोठें हंसतें आणि आपण कोठें हंसतों, तें लक्षपूर्वक पहावें. आणि वीरानें एखाद्या दुबळ्याची टर उडविली, तर तेथें मात्र आपण हंसूं नये. आपण कां हंसलों नाहीं, तें मूल आपण होऊन विचारील. आणि त्याला द्यावयाचें खरें शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू होईल.