कॅम्पातली सिंधी गाणी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

पिंपरीत कुणी 'कॅम्पात जाऊन येतो' म्हणालं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कापडाची दुकानं आणि लग्नाचा बस्ता येतो. पण हा कॅम्प एकेकाळी खरोखरच छावणी होता. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना मुंबई राज्यात ठिकठिकाणी वसवण्यात आलं. कल्याणजवळच्या छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासित राहिले होते. त्याच जागी पुढे सिंधी कुटुंबं आली आणि गांधीनगर उभं राहिलं. पिंपरीची वसाहत त्याच मालिकेतली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ची, एमआयडीसी त्याहून नंतरची. म्हणजे या उद्योगनगरीत कारखान्याचा भोंगा वाजण्याआधीच सिंधी माणूस येऊन राहिला होता.

पंजाब आणि बंगालची वाटणी झाली, सिंधची झाली नाही. तो अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी माणसाला इथे घर मिळालं, धंदा मिळाला, पण स्वतःचं राज्य मिळालं नाही. ज्या भाषेला राज्य नाही, ती टिकवायची कुणी?

बोटीत आणि रेल्वेत भरून काय आणता आलं, हे पाहण्यासारखं आहे. दालपकवान, साईभाजी, कोकी आली, कारण ती बायकांच्या हातात होती. लाडा, म्हणजे लग्नातली गाणी, तीही आली. ती तोंडपाठ होती. पण हाला गावच्या रंगीत फरशा, अजरकची छपाई करणारे कारागीर तिकडेच राहिले. छेज हा काठ्या घेऊन रिंगणात करायचा नाच आला, पण त्याला ढोल-सनई वाजवणारी घराणी बहुतांशी मुसलमान. तीही तिकडेच राहिली. नाचणारे आले आणि साथ मागे राहिली. फाळणीचा हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

'भगत' हा असाच एक प्रकार. पायघोळ झगा, पायांत घुंगरू, सोबत सुरात सूर मिळवणारे साथीदार. गाणं, नाच आणि कथा रात्रभर चाले. आपलं कीर्तन डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल. त्यातले थोर कलावंत भगत कंवरराम यांची १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्टेशनवर हत्या झाली. त्यांच्या चरित्राला, तीर्थ बसंत यांच्या 'कंवर' या पुस्तकाला, १९५९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण पुस्तकात भगत वाचता येतो, रात्र जागवता येत नाही.

१० एप्रिल १९६७ रोजी सिंधीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळालं. तरी लिपीचा वाद राहिलाच. आजोबांनी बावन्न अक्षरांच्या अरबी वळणाच्या लिपीत लिहिलेली वही देवनागरी शिकलेल्या नातवाला वाचता येत नाही. घरात हिंदी, रस्त्यावर मराठी, शाळेत इंग्रजी. मग सिंधी उरते ती आजीशी बोलण्यापुरती. आजी गेली की लाडाही जातो, कारण तो कुठे लिहून ठेवलेला नसतो.

उपाय फार मोठा नाही. आजीला बसवून तिची गाणी ध्वनिमुद्रित करावीत. कोणतं गाणं हळदीचं, कोणतं पाठवणीचं, हे तिच्याच तोंडून विचारून देवनागरीत टिपून ठेवावं. हे काम घरच्यांनीच करायचं आहे आणि ते लवकर करायला हवं.

आणि आपण शेजारी? पाडव्याला आपल्या दारी गुढी उभी राहते, त्याच सुमारास त्यांचा चेटीचंड येतो. दिवा, खडीसाखर, वेलची, सुकामेवा ठेवलेला बहराणा डोक्यावर घेऊन, झुलेलालचा गजर करीत माणसं पाण्याकडे निघतात. पवनेकाठच्या घाटालाही झुलेलालचंच नाव आहे. पुढच्या वर्षी ती मिरवणूक दिसली, तर वाहतूक अडली म्हणून कुरकुर न करता दोन मिनिटं थांबा आणि ते काय गातात, ते विचारा. विचारणारा भेटला, की सांगणाऱ्यालाही आठवू लागतं.