ठेचा आपलाच, पण किती जुना?

न्हावऱ्याकडे उसाच्या फडात दुपारी भाकरीचं फडकं सुटलं, की आत ठेचा हमखास दिसतो. भाजी नसली तरी चालतं. मग तुम्हाला वाटेल, ठेचा आपल्याकडे पहिल्यापासूनच असणार. तर नाही!

मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९२ नंतर ती जहाजांतून जगभर पसरली आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्यांनी गोवा घेतला १५१० मध्ये. म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी लिहिली गेली, तेव्हा मिरचीचा ठेचा नव्हताच. तिखटासाठी मिरी, पिंपळी, आलं वापरत. पुरावा आपल्या बोलण्यातच आहे: ‘मिरची’ हे नाव ‘मिरी’वरूनच आलंय.

मिरीचा वेल दमट हवेतला, त्यामुळे आपल्या कोरड्या भागात मिरी विकतच घ्यावी लागायची. मिरची मात्र परसातही येते. म्हणून ती गरिबाच्या भाकरीवर आली.

करायचं काय? हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे तेलावर परतायचे, मीठ घालून तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायचे. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून ठेचा झोंबला की पाणी पिऊन भागत नाही, दही खा.

आता कुणी ‘अस्सल गावरान’ म्हणालं, की मला हे आठवतं. पाहुणी आलेली मिरची आपण घरची केली, आणि आज तिच्याशिवाय आपलं जेवण होत नाही.