पद्मिनीचा पंखा: कुर्ल्यापर्यंत यायला एवढा उशीर का झाला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा जे आज हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. रेकॉर्डिंग सांताक्रूझ पूर्वेला आमच्या घरीच केलंय, त्यामुळे ऑडिओ ऐकणाऱ्यांना मध्ये मध्ये विमानं ऐकू येतील. सवय करून घ्या, आम्ही केलीय.

आजचा विषय आहे गाडीचा पंखा. एसीचा नाही, रेडिएटरमागचा. हसू नका. या पंख्यामुळे आमच्या घरातल्या एका माणसाचा हात भाजला होता.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, साताऱ्याकडून मुंबईत आले आणि आयुष्यभर काळी-पिवळी टॅक्सी चालवली. गाडी अर्थातच प्रीमियर पद्मिनी. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक गुळगुळीत, फिकट चट्टा होता. लहानपणी मला वाटायचं, आबा कुठल्यातरी लढाईत होते. लढाई झाली होती ती एस. व्ही. रोडवर, एप्रिलच्या दुपारी, ट्रॅफिकमध्ये.

माझ्या जन्माआधीची गोष्ट. मागे विमान पकडायच्या घाईतलं गिऱ्हाईक, पुढे हलायचं नाव न घेणारी गाड्यांची रांग आणि काटा हळूहळू लाल पट्ट्याकडे. आबांनी गाडी कडेला घेतली. गिऱ्हाईक वैतागून, पैसे न देता उतरलं. त्या रागात आबांनी जी चूक करू नये म्हणून ते स्वतः नवीन पोरांना दम द्यायचे, तीच केली. इंजिन गार व्हायची वाट न बघता रेडिएटरचं झाकण फिरवलं. दाबाखाली कोंडलेलं उकळतं पाणी वर उसळलं आणि हातावर आलं. पुढचे तीन आठवडे गाडी उभी. टॅक्सीवाल्याची गाडी उभी म्हणजे घरातली चूल अर्धी.

मी इंजिनिअरिंगला असताना एकदा विचारलं, "आबा, पण पंखा तर फिरत होता ना?" आबा म्हणाले, "आरं, गाडी पळतीया तवा वारं लागतंच की. हुबी राह्यली की घुसमटती. आन् नेमका तवाच पंखा झोपतो."

बीटेकच्या चार वर्षांत इतकं नेमकं वाक्य मला कुणी शिकवलं नाही. जरा उलगडून सांगतो.

पद्मिनीत रेडिएटरमागचा पंखा इंजिनला रबरी पट्ट्याने बांधलेला असतो. इंजिन फिरलं की पट्टा फिरतो, पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो आणि पंपाच्या तोंडावर बसवलेला पंखाही फिरतो. सोपं, स्वस्त, मजबूत. पण पंख्याचा वेग इंजिनच्या वेगावर ठरतो, इंजिन किती तापलंय यावर नाही. हायवेवर गाडी 60 च्या पुढे पळतेय, तेव्हा समोरून येणारा वाराच बहुतेक वेळा रेडिएटरला पुरतो. तरी पंखा गरगर फिरतोय. सिग्नलला गाडी उभी, वारा शून्य, इंजिन मंद चालतंय, तर पंखाही मंद. म्हणजे गरज सगळ्यात जास्त तेव्हा हवा सगळ्यात कमी.

शिवाय पंख्याचा एक नियम आहे. वेग दुप्पट केला की हवा साधारण दुप्पट मिळते, पण त्यासाठी ताकद लागते आठपट. त्यामुळे हायवेवर नको असताना फिरणारा पंखा इंजिनची ताकद फुकट खातो, आणि पद्मिनीकडे ताकद होती जेमतेम 40 हॉर्सपॉवरची. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत हे 'टाइट कपलिंग'. दोन गोष्टी विनाकारण एकमेकींना बांधल्या की एकीची अडचण दुसरीला भोगावी लागते.

मग उपाय काय? पंखा इंजिनपासून सोडवायचा. त्याला स्वतःची छोटी इलेक्ट्रिक मोटर द्यायची आणि रेडिएटरपाशी तापमानावर चालणारा एक स्विच लावायचा. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की पंखा चालू, थंड झालं की बंद. आज तुमच्या घरच्या गाडीत हेच आहे. पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावरही कधी कधी पुढून घूं आवाज येतो ना, तो हाच पंखा.

आता इतिहास. इथे गोष्ट रंगते.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कारखाना कुर्ल्याला, आमच्या सांताक्रूझपासून सरळ पूर्वेला. कारखाना गेला, पण कुर्ल्यातल्या प्रीमियर रोडच्या नावात तो अजून आहे. आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि फियाट 1100 आली. 1964 पासून 1100 डिलाइट आणि 1974 पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी'.

या फियाट 1100 च्या मुळाशी एक माणूस आहे, दांते जाकोसा. फियाटचा मोठा डिझायनर. त्याच्या हाताखाली 1937 साली फियाट 508 सी नावाची गाडी आली. तिच्या इंजिनातल्या सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास 75 मिलिमीटर, चार सिलिंडर मिळून 1089 सीसी. आता पद्मिनीची मापं बघा: 68, 75, 1089. आबांच्या टॅक्सीत धडधडणाऱ्या इंजिनची मापं दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची होती!

पण जाकोसा 1937 मध्ये थांबला नव्हता. तोवर जग इंजिन आडवं बसवायच्या मागे लागलं होतं, कारण त्याने बोनेट लहान होतं आणि माणसांना जागा मिळते. 1959 ची ब्रिटिश 'मिनी' आठवा. इंजिन आडवं, पण पंखा इंजिनलाच बांधलेला. मग पंखा जिथे, तिथे रेडिएटर हवा. म्हणून बिचारा रेडिएटर गाडीच्या कुशीत, चाकाच्या कमानीकडे तोंड करून बसवावा लागला. समोरचा थेट वारा सोडून.

जाकोसाच्या टीमने 1969 च्या फियाट 128 मध्ये हा गुंता सोडवला. इंजिन आडवं, रेडिएटर सरळ समोर वाऱ्यात आणि मागे तापमान बघून चालणारा इलेक्ट्रिक पंखा. वायर कुठेही नेता येते, पट्टा नेता येत नाही. आणखी एक गोष्ट मदतीला आली. जुने डायनॅमो इंजिन मंद असताना फारशी वीजच देत नसत, म्हणजे सिग्नलला बॅटरीच उतरायची. साठच्या दशकात गाड्यांमध्ये अल्टरनेटर येऊ लागले. ते मंद इंजिनवरही बऱ्यापैकी चार्जिंग देतात. त्यामुळे पंख्याला वीज द्यायची सोय झाली.

म्हणजे बघा. ज्या माणसाच्या इंजिनवर मुंबईची टॅक्सी चालत होती, त्याच माणसाच्या टीमने, त्याच कंपनीत, 1969 मध्ये आबांच्या अडचणीचं उत्तर शोधून विकायलाही काढलं होतं. आणि कुर्ल्यात पट्ट्यावरचा पंखा असलेली गाडी बनत राहिली, जवळजवळ शतक पालटेपर्यंत.

का? कुर्ल्याचे कामगार किंवा इंजिनिअर कमी पडले असं मला वाटत नाही. ते लायसन्सचे दिवस होते. किती गाड्या बनवायच्या, बाहेरून काय आणायचं, सगळ्याला परवानगी. गाडी बुक करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. बाजारात अॅम्बेसिडर, पद्मिनी आणि थोडीफार स्टँडर्ड. जे बनेल ते विकलं जातंच, तर पंखा बदलायचा खर्च कोण करणार? युजरने तक्रार केली तरी त्याला जायला दुसरं अॅप नाही, अशी ती अवस्था.

दुसरं अॅप आलं डिसेंबर 1983 मध्ये. मारुती 800. तीन सिलिंडर, 796 सीसी, इंजिन आडवं, पंखा इलेक्ट्रिक. आणि मग आपल्या गॅरेजवाल्यांनी कमाल केली. मारुतीचे पंखे भंगारात आणि सेकंडहँड बाजारात मिळायला लागल्यावर ते पद्मिनीत बसवायला सुरुवात केली.

हात बरा झाल्यावर आबांनीही वाकोल्याच्या एका मिस्त्रीकडून हेच करून घेतलं. मिस्त्रीने आधी रेडिएटर उतरवून साफ केला, कारण आत क्षार साचले असतील तर कितीही मोठा पंखा लावा, उपयोग नाही. मग चार्जिंग तपासलं. पंपावरची जुनी पाती काढली, पट्टा मात्र ठेवला. हे लक्षात घ्या: पंखा विजेवर गेला तरी पाण्याचा पंप पट्ट्यावरच फिरतो, पट्टा तुटला तर गाडी तापणारच. मग रेडिएटरला पट्ट्या ठोकून मारुतीचा पंखा बसवला, जाड वायर, फ्यूज आणि रिले. रिले कशाला? पंख्याला करंट भरपूर लागतो, तो थेट छोट्या स्विचमधून नेला तर स्विच जळतो.

एक घोळ होता. तापमानाचा स्विच न लावता मिस्त्रीने डॅशबोर्डवर साधं बटण दिलं. म्हणजे सेन्सर कोण, तर आबा स्वतः. काटा वर गेला की बटण दाबायचं. विसरलं तर संपलं. आबा कधी विसरले नाहीत. हाताकडे बघितलं की आठवायचं, म्हणायचे.

पावसाळ्यात या पंख्याचा आणखी एक फायदा कळला. सांताक्रूझचा मिलन सबवे तेव्हा पावसाळ्यात तुंबायचा, हे मुंबईकरांना सांगायला नको. पट्ट्यावरचा पंखा पाण्यात बुडाला की तेच पाणी इंजिनभर उडवतो, डिस्ट्रिब्युटर भिजतो आणि गाडी मध्येच बंद. जुने ड्रायव्हर पाण्यात शिरायच्या आधी चक्क पट्टा काढून ठेवायचे, पंप बंद राहिला तरी दोन-चार मिनिटं निभावून जातं म्हणून. आबा नुसतं बटण बंद करायचे. अर्थात 26 जुलै 2005 ला, जेव्हा सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला, तेव्हा कुठलंच बटण कामाचं नव्हतं. आबा गाडी सोडून कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आले.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली होती. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर 2023 च्या शेवटी पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची गेली. त्या आठवड्यात सगळीकडे आठवणींचा पूर आला होता. मीही फोटो शेअर केला. खोटं कशाला बोलू, मलाही ती गाडी आवडते.

पण फोटो टाकताना आबांचा हात आठवला. आपण जुन्या गाडीला 'कॅरॅक्टर' म्हणतो. त्यातलं बरंचसं कॅरॅक्टर म्हणजे न सुटलेले बग असतात, आणि ते रोज कुणीतरी अंगावर घेतलेले असतात. उत्तर सापडणं आणि ते आबांच्या गाडीपर्यंत पोचणं यात पंचवीसहून जास्त वर्षं गेली. शेवटी ते पोचवलं वाकोल्याच्या एका मिस्त्रीने, भंगारातल्या पंख्यातून. मी ऑफिसमध्ये एखादा बग 'पुढच्या रिलीजला बघू' म्हणून ढकलतो, तेव्हा हल्ली जरा थांबतो.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुणी पद्मिनी चालवली असेल, तर त्यांना विचारा गाडी कुठे उकळायची आणि ते काय करायचे. व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि हो, गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. घाई कितीही असली तरी. भेटू!