शिर सलामत तो पगडी पचास : क्रिकेटच्या हेल्मेटची कथा



रेल्वेत नोकरीला लागलेल्या माणसाला दोन शब्दांतला फरक लवकरच शिकवला जातो. सुरक्षा म्हणजे चोर-दरोडेखोरांपासून बचाव; ते काम आरपीएफचे. संरक्षा म्हणजे अपघातापासून बचाव; ते काम आम्हा सर्वांचे. पदविका घेऊन मी या खात्यात आलो त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. या काळात एक गोष्ट मनावर पक्की ठसली आहे. अपघात झाला की आधी जखमींची सोय आणि लगोलग चौकशी. मोठ्या अपघाताची चौकशी रेल्वे संरक्षा आयुक्त करतात. गंमत अशी की हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ज्याची गाडी घसरली त्यानेच न्यायनिवाडा करू नये, इतका साधा विचार त्यामागे आहे.

मग मनात प्रश्न येतो, खेळाच्या मैदानावर अपघात झाला तर चौकशी कोण करतो? आपणा मराठी मंडळींचा जीव की प्राण असलेल्या क्रिकेटपुरते याचे उत्तर शोधायचा मी प्रयत्न केला. त्यातून हाती आली ती हेल्मेटची कथा. तिची सुरुवात रक्ताने होते आणि तिला खरे वळण मिळते ते विद्यापीठांच्या प्रयोगशाळेत.

१९६२ च्या मार्च महिन्यात आपला संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होता. ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर बार्बाडोसविरुद्ध सामना चालू असताना चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपले कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली. तातडीने शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी संघाचे फ्रँक वॉरेल होते, आणि त्यांच्याबरोबर आपले तिघे होते : सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि पुण्याचे चंदू बोर्डे. काँट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथम दर्जाचे सामनेही खेळले. पण कसोटी पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये त्यांच्या कवटीत बसवलेली धातूची पट्टी २०२२ साली, म्हणजे तब्बल साठ वर्षांनी, मुंबईत काढण्यात आली.

या हकिगतीतला एक तपशील माझ्यासारख्याला फार महत्त्वाचा वाटतो. काँट्रॅक्टर यांनी पुढे अनेकदा सांगितले की त्या मैदानावर साइटस्क्रीन नव्हता, आणि चेंडू हातातून सुटत असतानाच पॅव्हेलियनमधली एक खिडकी कुणीतरी उघडली, त्यामुळे लक्ष विचलित झाले. म्हणजे चर्चा झाली ती ग्रिफिथच्या वेगाची आणि त्याच्या हाताच्या ठेवणीची. पण समोर पांढरा पडदा असता तर? आमच्याकडे चौकशीत पहिला प्रश्न असाच विचारतात : सिग्नल दिसत होता का? चुकीचा माणूस शोधण्याआधी चुकीची व्यवस्था शोधायची असते.

त्यानंतरही बरीच वर्षे फलंदाज उघड्या डोक्यानेच खेळत राहिले. १९७६ सालची किंग्स्टनची कसोटी आपल्या पिढीने फक्त वाचली आहे. मायकेल होल्डिंग आणि त्याच्या साथीदारांपुढे आपले अंशुमन गायकवाड ८१ धावांपर्यंत झुंजले आणि कानावर चेंडू लागून रुग्णालयात गेले. या आपल्या बंगळुरूचे ब्रिजेश पटेल यांच्या तोंडावर चेंडू लागला आणि गुंडाप्पा विश्वनाथ यांचे बोट मोडले. बिशनसिंग बेदींनी पहिला डाव ६ बाद ३०६ वर घोषित केला. दुसऱ्या डावात ९७ धावांवर पाच जण बाद झाले आणि पुढे खेळायला धड माणूसच उरला नाही. त्या काळी याला मर्दानी क्रिकेट म्हणत. एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला फलंदाजाच्या पुढ्यात हेल्मेटविना उभे राहत आणि २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले. त्या धाडसाला आजही सलामच करायला हवा. पण धाडस हा बंदोबस्त नव्हे. त्याच जागी हेल्मेटविना उभा असलेला आपला रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्याला डोक्यावर चेंडू लागून तीन दिवसांनी गेला.

डोके झाकण्याची कल्पना तशी जुनी. इंग्लंडच्या पॅट्सी हेंड्रेनने १९३३ साली रबराचे अस्तर असलेली, तीन कडांची टोपी घातली होती. १९७७ मध्ये माइक ब्रिअर्लीने कॅपखाली कवटीला बसणारे कवच घातले. त्याच वर्षाअखेरी ऑस्ट्रेलियात पॅकरच्या सामन्यांमध्ये डेनिस अ‍ॅमिस चक्क मोटरसायकलच्या धर्तीचे हेल्मेट घालून आला. अँडी रॉबर्ट्सच्या चेंडूने डेव्हिड हुक्सचा जबडा मोडल्यावर इतरांचीही हेल्मेटे निघाली. कसोटीत पहिले हेल्मेट घातले ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम यॅलपने, मार्च १९७८ मध्ये. मैदान कोणते? तेच, ब्रिजटाऊनचे केन्सिंग्टन ओव्हल! काँट्रॅक्टर जिथे कोसळले तिथेच सोळा वर्षांनी हेल्मेट आले, आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आपले सुनील गावस्करही बरीच वर्षे हेल्मेटविना खेळले. १९८३ च्या दौऱ्यात जॉर्जटाऊनला माल्कम मार्शलचा चेंडू कपाळावर बसला तरी त्यांनी नाबाद १४७ केल्या. पुढे तेही टोपीखाली कवच घालू लागले.

इथवरची कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. माझ्या मते खरी कथा यापुढे सुरू होते. कारण हेल्मेट आले म्हणजे काम झाले, असे सगळ्यांनी धरून चालले. ते खरोखर काय अडवते आणि काय अडवत नाही, हे मोजले कुणी?

थोडा हिशेब मांडतो, कंटाळू नये. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा. ताशी १४० किलोमीटर वेगाने हातातून सुटला तर त्यात सुमारे १२० ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचे वजन चौथ्या मजल्यावरून, म्हणजे बारा मीटरवरून, खाली सोडावे तेवढी. टप्पा पडल्यावर थोडा वेग कमी होतो हे खरे. पण फलंदाजाला विचार करायला मिळतो तो जेमतेम अर्धा सेकंद. चेंडूचा व्यास सव्वासात सेंटीमीटरच्या आसपास. हेल्मेटची पुढे आलेली कड आणि खालची जाळी यांच्यातली फट त्याहून कमी ठेवली की चेंडू आत येणार नाही, असे कागदावर वाटते. पण लोखंड वाकते आणि चेंडू दबतो. ज्याने रुळाला ताण देऊन पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

ब्रिटनमध्ये क्रिकेट हेल्मेटचे मानक १९९८ मध्येच निघाले होते, बीएस ७९२८ या क्रमांकाचे. मात्र वेगाने आलेला चेंडू त्या फटीतून घुसतो का, याची खरीखुरी चाचणी त्यात नव्हती. आपल्या बंगळुरूचे, मूळ मराठी घरातले राहुल द्रविड २०१० च्या जानेवारीत मीरपूरला १११ धावांवर असताना शहादत हुसेनच्या चेंडूने जखमी झाले. डोक्यावर हेल्मेट होते, तरी गालाचे हाड मोडले.

अशा वेळी विद्यापीठातली मंडळी पुढे आली. कार्डिफ मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचे क्रेग रॅन्सन आणि सहकारी यांनी व्यावसायिक सामन्यांत हेल्मेट घातलेल्या फलंदाजांना झालेल्या तीसहून अधिक अपघातांच्या चित्रफिती एकेक करून तपासल्या. चेंडू कुठे लागला, जाळीला की कवचाला, की फटीतून थेट चेहऱ्याला, याची नोंद केली आणि २०१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. आमच्या भाषेत ही रीतसर अपघात चौकशीच झाली. दुसरीकडे लफबरो विद्यापीठात अँडी हार्लंड यांच्या गटाने प्रयोगशाळेत तेच अपघात पुन्हा घडवले. फक्त माणसाच्या जागी कृत्रिम डोके ठेवले. त्यावर हेल्मेट चढवायचे आणि फटीच्या दिशेने चेंडू सोडायचा. चेंडू किंवा वाकलेली जाळी कृत्रिम चेहऱ्याला टेकली की हेल्मेट नापास. या कामाच्या आधारे २०१३ चे सुधारित मानक आले. त्यात मोठ्यांचा चेंडू आणि मुलांचा लहान चेंडू यांच्या चाचण्याही वेगळ्या ठेवल्या. लहान चेंडू मोठ्यांसाठी ठेवलेल्या फटीतून आत शिरू शकतो, हे उघड आहे. पण उघड गोष्टही कुणीतरी नियमात लिहावी लागते.

मानक आले तरी जुनी हेल्मेटे लगेच गेली नाहीत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टरला आपल्या वरुण आरोनचा चेंडू स्टुअर्ट ब्रॉडच्या हेल्मेटमधून आत शिरला आणि त्याचे नाक मोडले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला सिडनीत फिल ह्यूजला मानेवर चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. साऱ्या क्रिकेटविश्वाने घराबाहेर बॅट उभी करून त्याला श्रद्धांजली वाहिली. पुढील चौकशीत असे निघाले की ह्यूजने त्या दिवशी नवीन मानकाचे हेल्मेट घातले असते तरी ती जागा झाकली गेली नसती. हे मान्य करायला धैर्य लागते. कारण मग ‘हेल्मेट जुने होते’ म्हणून फाइल बंद करता येत नाही. मानेचे रक्षण वेगळे करावे लागते. तसे झालेही. मानेच्या पट्टीसाठी ब्रिटिश मानकात २०१९ मध्ये भर पडली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने वेगवान गोलंदाजीपुढे ही पट्टी सक्तीची केली. त्याआधी फेब्रुवारी २०१७ पासून आयसीसीने आंतरराष्ट्रीय सामन्यांत घालायचे हेल्मेट २०१३ च्या मानकाचेच हवे, असा नियम केला होता.

आता डोक्याच्या आतल्या इजेचाही विचार होऊ लागला आहे. कवच शाबूत राहते, पण आतला मेंदू हलतो. ऑगस्ट २०१९ पासून अशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरात जडेजाच्या जागी चहल उतरला, आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्या पुण्याजवळच्या गहुंजे येथे शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आल्यावर केवढा वाद झाला हे आठवत असेल. बदली खेळाडू तोलामोलाचा होता की नाही यावर वाद जरूर घालावा; पण मार लागलेल्या खेळाडूला ‘सोड रे, खेळ’ म्हणण्याचे दिवस संपले, ही त्यातली मोठी गोष्ट आहे.

या सगळ्यातून मला एकच मुद्दा मांडायचा आहे. कारखानदाराला हेल्मेट विकायचे असते, मंडळाला सामना भरवायचा असतो, आणि खेळाडूला, विशेषतः तरुण खेळाडूला, आपण घाबरलो असे दिसू द्यायचे नसते. या तिघांपैकी कुणालाच आपल्या अपघाताची नीट नोंद करावीशी वाटत नाही. ती नोंद करायला चौथा माणूस लागतो, आणि ती जागा विद्यापीठाने घेतली. हा आमच्या संरक्षा आयुक्तांसारखाच प्रकार. आपल्या मल्लेश्वरमला लागूनच भारतीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या किंवा अन्य कुठल्या विद्यार्थ्याने आपल्याकडच्या मैदानांवरच्या अपघातांची अशी मोजदाद मनावर घेतली, तर देशभरातल्या मुलांवर उपकार होतील.

कारण आपली मैदाने म्हणजे केन्सिंग्टन ओव्हल नव्हेत. २०२४ च्या जानेवारीत मुंबईत माटुंग्याच्या दडकर मैदानावर एकाच वेळी दोन सामने चालू होते. एका सामन्यात क्षेत्ररक्षण करणाऱ्या पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांच्या डोक्यावर दुसऱ्या सामन्यातला चेंडू आदळला आणि ते दगावले. तिथे कुठले हेल्मेट उपयोगी पडले असते? तिथे हवे होते दोन खेळपट्ट्यांमधले अंतर. मल्लेश्वरममध्येही सुटीच्या सकाळी एकाच मैदानात चार-पाच डाव एकमेकांत मिसळलेले असतात, आणि कुठला चेंडू कुणाचा हे ओरडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मंडळाच्या क्रीडा समितीला माझी नम्र सूचना आहे. आपल्या आंतरकुटुंब सामन्यांत टेनिस बॉल असतो, त्याची फार काळजी नाही. पण आपली जी मुले लेदर बॉलच्या शिबिराला जातात, त्यांच्या हेल्मेटच्या आतले लेबल पालकांनी एकदा वाचावे. त्यावर बीएस ७९२८ : २०१३ असे आहे का आणि ते मुलांच्या चेंडूसाठी आहे का, हे पाहावे. स्कूटरच्या हेल्मेटवर आपण आयएसआयची खूण बघतो, तशीच ही खूण. जोराचा फटका बसलेले हेल्मेट, वरून कितीही चकचकीत दिसले तरी, बदलावे. थोरल्या भावाचे धाकट्याला पुरवू नये. मुलाला डोक्याला मार लागला तर त्या दिवशी त्याचा खेळ बंद करून डॉक्टरांना दाखवावे. शेजारी दुसरा सामना चालू असेल तर आपला थांबवावा. आणि समितीने एक साधी वही ठेवावी : तारीख, कुणाला लागले, कशाने, कुठे. वर्षाअखेरी ती उघडून पाहावी. चौकशी आयोग नेमण्याएवढे आपण मोठे नाही, पण वहीला काही खर्च येत नाही.

आमच्या खात्यात जुने लोक म्हणतात की संरक्षेचे नियम रक्ताने लिहिलेले असतात. काँट्रॅक्टर, लांबा, ह्यूज यांनी आपल्यासाठी बरीच पाने लिहून ठेवली आहेत. ती वाचण्याचे कष्ट तेवढे आपण घ्यायचे.